जुन्या काळची 'नर्व्ह टॉनिक' (मज्जातंतूंना बळ देणारी म्हणून विकली जाणारी औषधं) घेऊन लोकांना खरंच झोप लागायची का?

लागायची की! पण त्यात टॉनिकपणा काही नव्हता. बाटलीत बहुधा दारू, अफू किंवा क्लोरल हायड्रेट, ब्रोमाइड यांसारखं गुंगी आणणारं रसायन असायचं. अशा औषधांना 'पेटंट औषधं' म्हणत, पण 'पेटंट' हे नावही फसवंच, कारण पेटंट घ्यायचं तर घटक जाहीर करावे लागतात आणि यांचा तर सगळा धंदाच गुप्त कृतीवर चालायचा. नोंदवलेलं असायचं ते बहुतेक वेळा फक्त नाव.

यात ब्रोमाइड सगळ्यात लबाड. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 12 दिवस लागतात, त्यामुळे रोजचा चमचा आत साठत जातो. मग गुंगी, विसराळूपणा, अंगावर पुरळ, कधी चक्क भ्रम. माणसाला वाटायचं, मज्जातंतू आणखीच बिघडले. म्हणून आणखी एक बाटली! या विषबाधेला ब्रोमिझम म्हणतात.

अमेरिकेत 1906 च्या कायद्याने दारू, अफू, कोकेन, क्लोरल वगैरे लेबलवर लिहिणं सक्तीचं झालं. बंदी मात्र नव्हती. विनाचिठ्ठी मिळणाऱ्या झोपेच्या औषधांतून ब्रोमाइड तिथे 1970 च्या दशकात गेलं.

घरात अशी जुनी बाटली सापडली असेल तर शोभेला ठेवा, चव बघू नका.