समितीचा आदेश मान्य नाही, आता अपील कुठे करू?

प्रश्न: मी हडपसरला राहते, नाईट शिफ्टला जाताना सात वर्षांच्या मुलाला घरी झोपवून जायचे. कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवलं, बाल कल्याण समितीने दुर्लक्ष झालं असा आदेश काढून त्याला बालगृहात ठेवलंय, आज १८ दिवस झाले. काय करू?

उत्तर: ताई, आधी तारीख बघा, कारण बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १०१ प्रमाणे आदेशापासून ३० दिवसांत अपील करायचं असतं, म्हणजे तुमच्याकडे फक्त १२ दिवस आहेत. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्ट घेऊ शकतं पण त्या भरवशावर राहू नका. अपील बाल न्यायालयात, म्हणजे सेशन्सला, शिवाजीनगर कोर्टात. तिथेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, उद्याच जा, आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन.

आता खरं सांगते, राग येऊ देऊ नका. "मी चांगली आई आहे" एवढ्याने भागत नाही, रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार ते कोर्टाला दिसलं पाहिजे. शिफ्ट बदलल्याचं कंपनीचं पत्र, आजी राहायला आली असेल तर तिचं प्रतिज्ञापत्र, लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या डायरीतल्या तुमच्या रोजच्या सह्या, सगळं जोडा. आणि बालगृहात भेटायची परवानगी मागून जात रहा, एकही भेट चुकवू नका, तो वाट बघत असेल.