1:72 मापाच्या देखाव्यात सह्याद्रीची जमीन खरी कशी दिसेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीत किल्ले करायची सवय आहे, आता 1:72 मापाचे मावळे घेऊन घरात कायम राहील असा छोटा देखावा करायचा आहे, पण बागेतली खरी माती चिकटवूनही जमीन खोटीच दिसते.

माती खरी आहे, पण तिचा कण तुमच्या मापाचा नाही. 1:72 मध्ये 1 मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले 7.2 सेंटिमीटर. बागेतल्या मातीतला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा तुमच्या मावळ्याच्या पायाशी फूटभराचा धोंडा होतो, आणि मावळा स्वतः जेमतेम 23 मिलिमीटरचा. बघणारा हे गणित मांडत नाही, पण त्याला काहीतरी चुकतंय हे लगेच जाणवतं. म्हणून रंग आणि गवत तूर्त बाजूला ठेवा आणि आधी चाळणी हातात घ्या.

माती उन्हात वाळवा, जुन्या तव्यावर चांगली भाजा, म्हणजे ओल जाते आणि किडेही मरतात. मग ती आधी चहाच्या गाळणीतून, नंतर मैद्याच्या चाळणीतून आणि शेवटी मलमलच्या फडक्यातून काढा. प्रत्येक जाडीची माती वेगळ्या डब्यात ठेवा. वस्त्रगाळ पूड ही पायवाटेची धूळ, मधली जाडी म्हणजे मुरूम, आणि गाळणीत राहिलेले खडे हे धोंडे. आता हे सगळं एकत्र कालवून सारखं पसरू नका. घाटात चालताना पाहिलं असेल, माणसांच्या पायांनी वाट बारीक होते, मुरूम कडेला सरतो, वरून सुटलेले दगड उताराच्या पायथ्याशी नाहीतर ओघळीत साठतात. तसंच टाका. एवढ्या एका गोष्टीनं देखाव्याचा अर्धा खोटेपणा जातो.

दुसरं, आवाका आवरा. 600 मीटरच्या चढाचा गड 1:72 मध्ये करायचा तर 8 मीटरहून उंच होईल. दिवाळीच्या किल्ल्यात गड लहान आणि शिपाई मोठा हे चालतं, तो त्या खेळाचाच भाग आहे आणि तो मला फार प्रिय आहे. इथे मात्र ते टोचतं. ए-फोर कागदाएवढी जागा घ्या. ती प्रत्यक्षात साधारण 15 बाय 21 मीटर होते, म्हणजे दरवाजाखालचं वाटेचं एक वळण, एक कातळ, दोन-तीन माणसं. पहिल्या कामाला तेवढं भरपूर आहे.

खाली प्लायवूडचा तुकडा घ्या आणि त्याला दोन्ही बाजूंनी रंगाचा हात द्या, नाहीतर ओल्या पुट्टीनं तो वाकतो. चढउतारासाठी थर्माकोल चालेल, पण कापताना त्याचे मणी सुटतात. एक्सपीएस फोमची, म्हणजे मणी नसलेल्या घट्ट फोमची पाटी मिळाली तर ती उत्तम, सुरीनं स्वच्छ कापली जाते. दोन्हींवर स्प्रे पेंट थेट मारू नका, त्यातला द्राव फोम खाऊन टाकतो. आधी भिंतीच्या पुट्टीचा पातळ थर द्या.

कातळाकडे मात्र सावकाश बघा. इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत चुरगळलेली फॉइल दाबून खडक करतात, तो आपला खडक नव्हे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे, त्यामुळे कडे आडव्या पट्ट्यांत दिसतात: एक उभा कातळ, मग गवताचा उतार, पुन्हा कातळ. फोमच्या पट्ट्या आडव्या रचा, कडा सुरीनं तोडल्यासारख्या करा, आणि त्यात उभ्या भेगा पाडा. दोन थरांमध्ये कधीकधी मातकट लाल पट्टा असतो, घाटरस्त्याच्या कापात तो सहज दिसतो. तो घातलात तर पाहणारा प्रदेश ओळखेल. कोकणातली किंवा महाबळेश्वरच्या पठारावरची जागा असेल तर वर जांभा येईल, त्याला सच्छिद्र पृष्ठभाग आणि गेरूचा रंग हवा.

माती चिकटवताना आधी फेविकॉलचा हात मारा, वरून चाळणीनं माती टाका. मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, हे ड्रॉपरनं सोडा. साबणामुळे पाणी मातीवर थेंब धरून बसत नाही, आत मुरतं. रात्रभर हलवू नका.

वाळल्यावर माती गडद आणि किंचित चकचकीत दिसेल, म्हणून खऱ्या मातीलाही रंग लागतोच. गडद तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट मातकट रंग फक्त उंचवट्यांवर फिरवा. कातळाला निव्वळ काळा लावू नका, उन्हापावसातला बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा हा लाव्हाचा खडक, तपकिरी-करडा असतो. शेवटी वाटेवर गेरू, राख आणि मुलतानी मातीची वस्त्रगाळ पूड कोरडीच चोळा. विकतच्या पिगमेंटचं, म्हणजे कोरड्या रंगपुडीचं काम ती छान करते.

गवतापूर्वी महिना ठरवा. श्रावणात सगळं हिरवं, कार्तिकात गवत सोनेरी, वैशाखात विरळ, करपलेलं, मध्येच वणव्याचा काळा डाग. नवशिक्यानं कार्तिक घ्यावा असं मला वाटतं, कारण सुतळीचे धागे सोडवून 5 ते 10 मिलिमीटर कापले की रंग आपोआप जमतो. झुपके करून उभे लावा, ते दगडांच्या आडोशाला जास्त आणि वाटेवर अजिबात नकोत. मोहरी पेरायचा मोह आवरा. तिचं पान या मापात केळीच्या पानासारखं दिसतं आणि आठवड्यात माना टाकतं. खरं शेवाळही नको, ते वाळून तपकिरी पडतं.

मावळ्यांच्या पायाखालची प्लास्टिकची चकती कापा किंवा पुट्टीत बुडवून वरून माती टाका. पाऊल जमिनीत किंचित रुतलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर माणूस वर ठेवल्यासारखा वाटतो. मग फोन मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढा. जो खडा फोटोत डोळ्यात भरेल तो चिमट्यानं काढून टाका.

तुम्ही मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यापूर्वी देखाव्यावर मॅट वार्निशचा हात द्या आणि तो पारदर्शक ॲक्रिलिक प्लास्टिकच्या पेटीत ठेवा. सुतळीला दमट हवेत बुरशी फार लवकर धरते.