उत्तर: जर्मनीत कापलेला टॅक्स, फॉर्म 67 आणि पगाराच्या स्लिपा

जर्मनीत कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट (म्हणजे तिकडे भरलेला टॅक्स इथल्या टॅक्समधून वजा करून घेणं) इथे कसं मिळवायचं, ही तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं वर आलं. जानेवारी ते जून जर्मनीत डेप्युटेशन, पगाराचा खर्च तिथल्या शाखेवर, टॅक्स तिकडे कापला आणि इथे टीडीएसही चालूच. माझंही नेमकं असंच झालं होतं. (मी सीए नाही. आणि हे सगळं 1961च्या आयकर कायद्याखालच्या वर्षांबद्दल. 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा आहे, कलमांचे नंबर बदललेत.)

'183 दिवसांच्या आत असाल तर तिकडे टॅक्स नाही' हे अर्धवट ज्ञान डोक्यातून काढा. एकाच उत्पन्नावर दोनदा टॅक्स लागू नये म्हणून भारत-जर्मनीत जो करार आहे, त्यातल्या त्या सवलतीला आणखी दोन अटी असतात. पगार देणारी कंपनी तिथली रहिवासी नको, आणि पगाराचा भार तिच्या तिथल्या कायम आस्थापनेवर (शाखा, ऑफिस वगैरे) पडायला नको. तुमची दुसरी अट तुटलीच आहे, तेव्हा दिवस मोजत बसू नका. इथे तुम्ही रहिवासी, म्हणजे जगभरचं उत्पन्न दाखवायचं आणि तिकडच्या टॅक्सचं क्रेडिट घ्यायचं. आयटीआर-2 हा रिटर्नचा फॉर्म, त्यातली एफएसआय (परदेशातलं उत्पन्न) आणि टीआर (तिकडच्या टॅक्सचं क्रेडिट) ही शेड्यूल्स तुम्ही पाहिलीच असतील.

खरा घोळ कागदाचा होतो. जर्मनीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. तुमचे सहा महिने तिकडे एकाच वर्षात, इथे मात्र दोन वर्षांत विभागलेले. तिकडून पगाराचं जे वार्षिक सर्टिफिकेट मिळतं त्यात 3 नंबरच्या ओळीत एकूण पगार, 4 नंबरच्या ओळीत कापलेला टॅक्स, बस्स. मार्चपर्यंतचा किती, नंतरचा किती, काही कळत नाही. वर रुपयांत आकडा काढताना ज्या महिन्यात टॅक्स कापला त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक ज्या दराने परकी चलन विकत घेते तो) धरायचा असतो. एकरकमी आकड्याला कुठला रेट लावणार?

म्हणून मी पगाराचं काम बघणाऱ्या एजन्सीकडे महिनावार पत्र मागितलं. उत्तर काय, तर 'आमच्याकडे असा फॉरमॅट नाही'. मग 'एचआरकडून विनंती येऊ द्या'. एचआर म्हणे एजन्सीला विचारा. प्रत्येक मेलला नवा तिकीट नंबर आणि नवा माणूस, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगा! या टोलवाटोलवीत फॉर्म 67ची, म्हणजे परदेशी टॅक्सचं क्रेडिट मागायच्या फॉर्मची, मुदत गेली (तेव्हा ती रिटर्नच्या मुदतीइतकीच होती), क्रेडिट शून्य धरलं गेलं आणि व्याजासकट मागणीची नोटीस आली. पुढे अपिलात सुटलं. मुदत चुकली म्हणून क्रेडिटचा हक्क जात नाही असे आयटीएटीचे (आयकर अपिलांच्या न्यायाधिकरणाचे) निर्णय होते. पण त्यात गेलेला वेळ आणि सीएची फी एजन्सी थोडीच देणार.

राग याचा, की त्या पत्राची गरजच नव्हती. या क्रेडिटसाठीच्या आयकर नियम 128 मध्ये तिकडच्या टॅक्स खात्याचं किंवा टॅक्स कापणाऱ्याचं पत्र नसेल तर तुमचं स्वतःचं सही केलेलं निवेदन चालतं, सोबत टॅक्स कापल्याचा पुरावा जोडायचा. महिन्याच्या पगाराच्या स्लिपेवर तो आकडा असतोच. 2022च्या दुरुस्तीनंतर रिटर्न वेळेत किंवा उशिराच्या मुदतीत भरलं असेल तर 67 असेसमेंट वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपेपर्यंत भरता येतो. तरी माझं स्पष्ट मत, आधी 67, मग रिटर्न.

क्रेडिट मिळतं ते त्या उत्पन्नावरच्या इथल्या टॅक्सपुरतंच. तिकडे जास्त कापला असेल तर वरचा फरक इथे मागू नका. तिकडे रिटर्न भरून रिफंड मिळाला तर तेवढं क्रेडिटही कमी होणार.

जाता जाता, तिकडचं पगाराचं बँक खातं रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशातली मालमत्ता) दाखवा, शिल्लक किरकोळ असली तरी. तिथे मात्र कॅलेंडर वर्ष धरतात.

आणि तिकडच्या पगार पोर्टलचं लॉगिन अजून चालू असेल तर सहाही स्लिपा आजच उतरवून घ्या. माझं परतल्यावर न सांगता बंद केलं होतं.