पिंग होतंय, पण आकडे येत नाहीत

प्रश्न : नमस्कार सर, मी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमधे नाइट शिफ्टला असतो. मागच्या आठवड्यात व्हेंडरच्या माणसाने रॅकमधल्या सगळ्या पीडीयूंचं (सर्व्हरना वीज वाटणाऱ्या पट्ट्यांचं) फर्मवेअर अपडेट केलं, आणि तेव्हापासून डीसीआयएमवर (डेटा सेंटरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) कधी ह्या रॅकचे आकडे गायब कधी त्या रॅकचे, पिंग केलं तर सगळे जिवंत. नेटवर्कवाले म्हणतात सॉफ्टवेअर बघा, सॉफ्टवेअरवाले म्हणतात नेटवर्क बघा, आणि रात्रभर अलार्म माझ्या डोक्यावर. काय करू?

उत्तर : पिंगवर जाऊ नका हो. पिंग म्हणजे डिव्हाइस नेटवर्कवर आहे का एवढंच विचारणं, ते आयसीएमपीवर चालतं, आणि आकडे येतात एसएनएमपी ह्या दुसऱ्याच प्रोटोकॉलवर, यूडीपी पोर्ट १६१ ने, त्यामुळे एक चालू म्हणजे दुसरं चालू असं काही नाही. पण फायरवॉल असती तर आकडे कायमचेच गेले असते, तुमचे येतात-जातात, म्हणून मला वेगळाच संशय आहे. त्या माणसाने एका पीडीयूचं कॉन्फिगरेशन काढून सगळ्यांवर चढवलं का, ते विचारा. तुम्ही एसएनएमपी व्हर्जन ३ वापरत असाल तर प्रत्येक डिव्हाइसचा इंजिन आयडी, म्हणजे एसएनएमपीतला त्याचा ओळख क्रमांक, वेगळा लागतो, आणि अशा कॉपी-पेस्टमधे तो सगळ्यांचा एकच होऊन बसतो. चाळीत दोन घरांना एकच खोली नंबर दिला तर पोस्टमन काय करेल, तसं. पीडीयू किती वेळा बूट झाला आणि बूट होऊन किती सेकंद झाले हा हिशोब सॉफ्टवेअर इंजिन आयडीच्या नावावर ठेवतं, त्यात १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक पडला की पॅकेट बाद. सर्व्हिस रिस्टार्ट केली तर थोडा वेळ बरं वाटेल, मग परत तेच रडगाणं.

आयडी वेगवेगळे करून घ्या, आणि त्यानंतर एसएनएमपी युजरचे पासवर्ड पुन्हा टाका, कारण पासवर्डपासून बनणाऱ्या गुप्त किल्ल्या (कीज) इंजिन आयडी धरूनच बनतात. हे विसरलात तर पहाटेपर्यंत बसाल, मी बसलोय.

आणि जे रॅक हिरवे दिसतायत त्यांच्यावरही लगेच विश्वास नको. तापमान तासन् तास २४.० वर सरळ रेघ मारत असेल तर तो बहुतेक जुनाच आकडा आहे. सेन्सर मुठीत धरा, दोन-तीन मिनिटांत आकडा चढला पाहिजे.

प्रश्न : आमचा डॅशबोर्ड उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. सर्व्हर बदलावा का? (पवई)

उत्तर : आधी डेटाबेस बघा. ४०० पीडीयू, प्रत्येकाचे ३० आकडे, दर मिनिटाला, म्हणजे दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार ओळी! कच्चा डेटा महिनाभर ठेवा, जुन्याची तासाची सरासरी करा, पण सरासरीबरोबर त्या तासातला कमाल आकडाही ठेवा, नाहीतर ब्रेकर का पडला हे नंतर शोधायला हातात काहीच उरत नाही.