‘पापी नको’ म्हणणारा नातू आणि आणखी दोन पत्रं

प्रश्न : ताई, माझी मुलगी इयर फाइव्हमध्ये आहे, नऊ वर्षांची. शाळेतून पत्र आलंय की उन्हाळी सत्रात ‘मोठं होताना’ या विषयाचे तास होणार. पाळी, शरीरातले बदल, आणि शेवटच्या तासाला बाळ कसं होतं तेही. नवरा म्हणतो, एवढ्यात कशाला, तिला नको बसवू. ग्रुपवरच्या दोन आयांनी तसं शाळेला कळवलंसुद्धा. काय करू?
– एक आई, मिल्टन कीन्स, इंग्लंड

उत्तर : मुलीला कशातून वगळता येतं आणि कशातून नाही, ते आधी समजून घ्या. ग्रुपवर गोंधळ याचाच असतो. इंग्लंडमधल्या सगळ्या प्राथमिक शाळांत सप्टेंबर 2020 पासून नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत आरोग्यशिक्षणही सक्तीचं आहे, आणि पाळी, वयात येणं हे त्या आरोग्यशिक्षणात येतं. त्यातून मुलीला वगळता येत नाही, विज्ञानातूनही नाही. वगळता येतं ते फक्त लैंगिक शिक्षणातून, म्हणजे बहुधा तुमच्या पत्रातल्या त्या शेवटच्या तासातून. प्राथमिक शाळेवर तो तास घेण्याची सक्ती नाही. शाळा घेत असेल आणि तुम्ही नको म्हणालात, तर मुख्याध्यापकांना ते मान्य करावं लागतं.

तर प्रश्न एका तासाचा आहे. माझं मत विचाराल तर त्या तासालाही तिला बसू द्या.

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि हे तास स्वतः घेते. तास सुटला की मुलं थेट मैदानावर पळतात. लायब्ररीत बसवलेल्या मुलीला मधल्या सुट्टीत मैत्रिणी सगळं सांगतात, अर्धवट, खिदळत, पदरचं घालून. शिवाय या गोष्टी आपल्या घरात बोलायच्या नसतात, एवढं ती न सांगता शिकते. पुढे कधी टॅबवर काही भलतं दिसलं तर ती कुणाकडे जाईल?

तासाला काय होतं तेही सांगते, कारण न पाहिलेल्या तासाची भीती फार मोठी होते. आधी वर्गाचे नियम ठरतात : कुणाला वैयक्तिक प्रश्न विचारायचा नाही, हसू आलं तर हसून घ्यायचं पण कुणाला हसायचं नाही. फळ्यावर आकृती, अवयवांची शास्त्रीय नावं. मग पॅड वर्गात फिरतं, मुलग्यांच्याही हातात देते. सगळ्यात मोलाची वाटते ती प्रश्नांची पेटी. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच. ज्याला प्रश्न नाही त्याने आज डब्यात काय आणलं ते लिहायचं, म्हणजे सगळ्यांच्या पेन्सिली हलतात आणि कुणी काय विचारलं ते कळत नाही. पाळीत पोहायला जाता येतं का? दुखतं का? मुलग्यांना का येत नाही? एकदा चिठ्ठी आली, ‘आजी म्हणते तेव्हा देवाला हात लावायचा नाही, खरं का?’ मी म्हटलं, घरच्या रीती घरी विचारा, पण पाळीचं रक्त घाण नसतं आणि पाळी आलेली मुलगीही घाण नसते. इतकी शांतता त्या वर्गात क्वचित असते.

पाळी साधारण बाराव्या वर्षी येते, पण आठव्या वर्षीही येऊ शकते. नऊ वर्षांच्या मुलीला ‘एवढ्यात’ म्हणून चालणार नाही. काहीच न सांगितलेल्या मुलीला बाथरूममध्ये रक्त दिसलं तर तिला वाटतं, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. जानेवारी 2020 पासून इथल्या सरकारी शाळा पॅड मोफत मागवू शकतात, तेव्हा तुमच्या शाळेत ते कुणाकडे मागायचे हे तिला आधीच विचारून ठेवायला सांगा.

आणि शाळेकडे साहित्य बघायला मागा, संकोच नको. या विषयाचं धोरण ठरवताना पालकांशी बोलायचं आणि ते वेबसाइटवर ठेवायचं, हा नियमच आहे. नवऱ्यालाही घेऊन जा. तास होण्याआधीच्या शनिवार-रविवारी तिच्याशी तुम्ही बोला, मराठीत. पहिल्यांदा हे आईकडून ऐकलं की वर्गात बसणं तिला सोपं जातं.

प्रश्न : दोन वर्षांनी मुलाकडे इंग्लंडला आले. विमानतळावर सहा वर्षांच्या नातवाजवळ पापी मागितली, तर म्हणाला, नको, माझं शरीर माझं आहे. सून म्हणाली, शाळेत शिकवतात. मला रडूच आलं. आजीला परकं करणारं हे कसलं शिक्षण?
– एक आजी, मूळच्या सांगलीच्या

उत्तर : काकू, दोन वर्षं वाट बघून असं ऐकलं तर कुणालाही लागेल. पण नातू तुम्हाला परकं म्हणत नाहीये. एनएसपीसीसी या इथल्या बालसंरक्षण संस्थेचे काही सोपे नियम आहेत, ते लहान मुलांना पँटोसॉरस नावाच्या डायनासोरकडून शिकवतात : चड्डीखालचं खासगी, आपलं शरीर आपलं, नाही म्हणजे नाही, मन खाणारं गुपित सांगून टाकायचं. सहा वर्षांचं मूल नवा नियम शिकलं की तो सगळीकडे लावून बघतं. तुम्ही समोर आलात, त्याने तुम्हाला लावला.

आणि त्याने ओळखीच्या माणसांनाही तो लावावा, हीच माझी इच्छा आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली पाहणी प्रसिद्ध केली, तीत मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले निघाले. आपल्या लग्नाकार्यांत ‘काकांना पापी दे, नाहीतर काका रागावतील’ हे सर्रास ऐकू येतं. मोठ्यांचा राग नको म्हणून अंगाला हात लावू द्यायचा, हे मूल तिथेच शिकतं. मला याचा मनापासून राग येतो.

त्याला विचारा, ‘टाळी देणार, नमस्कार करणार की मिठी मारणार?’ तो काहीच नको म्हणाला तर हसून ‘बरं’ म्हणा. ‘मग आजी रडेल’ असं मात्र म्हणू नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसा, लेगोचे ठोकळे हातात द्या, झोपताना गोष्ट सांगा. दोन वर्षं तुम्ही त्याच्यासाठी फोनच्या पडद्यावर होतात, अंगाची ओळख व्हायला थोडे दिवस लागणारच. ती झाली की तो आपणहून मांडीवर येऊन बसेल.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतो. मुलांना स्वतःच्या शरीराची सुरक्षितता शिकवायची आहे, पण आमच्याकडे त्यासाठी वेगळा तास नाही. सुरुवात कशी करू?
– एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, परिसर अभ्यासात कुटुंब आणि शरीर येतंच, तिथेच जोडा. प्रत्येकाला वहीत स्वतःचा पंजा काढू द्या. पाच बोटांवर विश्वासाची पाच मोठी माणसं, त्यांतलं निदान एक घराबाहेरचं, आणि तळहातावर 1098 हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांच्या मदतीचा फोन नंबर. दुसऱ्या दिवशी गुपितं घ्या. वाढदिवसाच्या केकचं गुपित शेवटी सगळ्यांना कळतं. ‘कध्धीच कुणाला सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं, तर ते त्याच दिवशी पाचांपैकी एकाला सांगायचं. मुलगे आणि मुली एकत्र बसवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा दोघांनाही संरक्षण देतो.

एखाद्या मुलाने काही सांगितलं तर उलटतपासणी करू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि विनाविलंब पोलिसांना कळवा. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार माहीत असून न कळवणं हा गुन्हा आहे, त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. गावात बोभाटा होईल म्हणून तुमच्यावर दबाव येईल. म्हणून तास घेण्याआधी पालकसभा बोलवा, ती संध्याकाळी, माणसं रानातून घरी आल्यावर ठेवा, आणि मुलांना शिकवणार तेच आधी त्यांना करून दाखवा, पंजासकट.