मुलाला पोटाचं व्हायरल इन्फेक्शन झालंय, पाणीसुद्धा टिकत नाही आणि डॉक्टरांनी फक्त ओआरएस दिलंय. एवढं पुरेसं आहे का?

चार वर्षांच्या मुलाला कालपासून उलट्या-जुलाब, पेलाभर पाणी दिलं की लगेच बाहेर, अँटिबायोटिक मिळालं नाही म्हणून जिवाला घोर, आणि घरातल्या बाकीच्यांना कसं जपायचं ही दुसरी काळजी. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, म्हणून लिहिते. डॉक्टरांनी ओआरएसची पाकिटं दिली म्हणजे औषधच दिलंय. फक्त ते पाजायचं कसं, हे पुष्कळदा कोणी नीट दाखवत नाही आणि घोळ तिथेच होतो.

पेला बाजूला ठेवा, चमचा घ्या. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच देऊ नका. मग दर एक-दोन मिनिटांनी एकच छोटा चमचा, म्हणजे 5 मिली. दोन मिनिटांनी एक धरला तरी तासाभरात 150 मिली पोटात जातं. तहानलेलं मूल रडतं, पेल्यावर झडप घालतं, आईचा जीव तुटतो आणि पेला तोंडाला लावला जातो. खवळलेल्या पोटात एकदम एवढं पाणी गेलं की ते उलटणारच. वॉर्डात मी पालकांच्या हातात वाटी-चमचा देते आणि घड्याळाकडे बघत पाजायला बसवते. हात भरून येतो, पण बऱ्याच मुलांची सलाईन या चमच्यानेच टळते. मध्ये उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबायचं आणि जरा आणखी सावकाश सुरू करायचं. गेलेलं सगळं बाहेर पडलं असं वाटतं, पण काही ना काही आत राहिलेलं असतं. उलट्या कमी झाल्या की तुमच्या मुलाच्या वयाला प्रत्येक जुलाबामागे 100 ते 200 मिली द्या.

अँटिबायोटिक का नाही? ते जिवाणूंवर चालतं, व्हायरसवर नाही. शिवाय त्यानेच जुलाब वाढू शकतात. नोरोव्हायरस, रोटाव्हायरस यांसारखे व्हायरस लहान आतड्याच्या आतल्या पेशींना इजा करतात, त्यामुळे पाणी शोषलं जाण्याऐवजी वाहून जातं. शरीर त्या व्हायरसला स्वतःच हटवतं आणि नव्या पेशी तयार करतं. नोरोमध्ये त्रास बहुधा एक ते तीन दिवस असतो, रोटामध्ये आठवडाभरही चालू शकतो. तोवर पाणी आणि क्षार भरून काढत राहणं हाच उपचार.

ओआरएसमध्ये साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबातही ही वाट बऱ्यापैकी चालू राहते. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं दगावत होती आणि सलाईन संपत आली होती. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी नातेवाइकांकरवी पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. कॉलरा जिवाणूंमुळे होतो, तुमच्या मुलाचा आजार व्हायरसचा, पण दोन्हींत शरीर गमावतं ते पाणी आणि क्षारच. हे काम घरच्या माणसांनी केलं होतं, म्हणून ही गोष्ट मी घाबरलेल्या पालकांना आवर्जून सांगते.

म्हणूनच प्रमाण बिघडवू नका. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यात अख्खं पाकीट घाला. थोडी पूड आणि अंदाजे पाणी असं नको. क्षार जास्त झाले तर मुलाला अपाय होतो. केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, पण हे तात्पुरतं. शीतपेयं आणि डब्यातले गोड रस टाळा, जास्त साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढवते.

जुलाब बंद करणारी गोळी इतक्या लहान मुलाला देऊच नका. उलटीचं औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी 10 ते 14 दिवसांचा कोर्स पूर्ण करा. उपाशी ठेवू नका, भूक लागली की नेहमीचं साधं जेवण थोडं थोडं द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तर अजिबात तोडायचं नाही.

आता माझी कळकळीची विनंती. सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेलेत, मूल ग्लानीत आहे किंवा हाक मारल्यावर नीट बघत नाही, शीमध्ये रक्त आहे, उलटी हिरवी आहे, पोट सारखं दुखतंय, ताप जास्त आहे, किंवा चमच्याने देऊनही काहीच टिकत नाही. यातलं एकही दिसलं तर उजाडायची वाट बघू नका, तडक दवाखान्यात न्या. तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं फार लवकर सुकतात, त्यांच्या बाबतीत आणखी लवकर निघा.

घरातल्यांसाठी: सॅनिटायझरवर विसंबू नका. नोरोव्हायरसला अल्कोहोलने विरघळणारं चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, निदान 20 सेकंद. शी धुतल्यावर आणि स्वयंपाकाआधी तर हमखास. उलटी पुसताना हातमोजे आणि तोंडाला मास्क, कारण तिचे बारीक थेंब हवेत उडतात. आधी कागदाने टिपून घ्या, मग 5 टक्क्यांचं घरगुती ब्लीच एक लिटर पाण्यात निदान 20 मिली घालून ती जागा ओली करा आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. खराब कपडे न झटकता वेगळे आणि गरम पाण्यात धुवा.

घरात ज्याला त्रास झाला असेल त्याने लक्षणं थांबल्यावरही निदान 48 तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये, आणि मुलालाही तोवर शाळेत पाठवू नका. बरं वाटल्यावरही शीतून व्हायरस दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस जात राहतो, म्हणून हात धुण्याची शिस्त तेवढे दिवस तरी मोडू नका.