स्थानिक बिअर खरंच चांगली असते, की मोठ्या आणि आयात ब्रँडपुढे नुसतं कौतुक?

लेबल नंतर, आधी तारीख बघा. माझं निम्मं उत्तर तेवढंच आहे.

बहुतेक बिअर मुरवत ठेवायची चीज नव्हे. बाटलीत राहिलेला जरासा ऑक्सिजन हळूहळू तिला खातो. आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास जातो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि उकाड्यात हे सगळं झपाट्याने होतं. बाहेरून आलेली बाटली जहाजात, गोदामात, दुकानाच्या फळीवर किती महिने काढून आली कोण जाणे! म्हणून आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली बिअर) किंवा गव्हाची बिअर घ्यायची तर मी डोळे झाकून जवळची, ताजी घेतो.

एकदा एकाच आयात ब्रँडच्या दोन हिरव्या बाटल्या आणल्या. एक कपाटात ठेवली, दुसरी दुपारभर खिडकीत. संध्याकाळी दोन्ही सारख्याच गार करून मित्राला दिल्या. खिडकीतल्या ग्लासाला त्याने नाक लावलं आणि तो तसाच बाजूला सरकवला. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा तो उग्र दर्प. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅन सगळ्यात उत्तम. गंमत म्हणजे हा दर्प म्हणजेच 'इम्पोर्टेड चव' असं समजणारे लोक मला भेटलेत.

आणि आयात म्हणजे तरी काय? बेक्स ही जर्मनीतल्या ब्रेमेनची बिअर, पण अमेरिकेत विकली जाणारी 2012 पासून सेंट लुईसमध्ये बनू लागली. जर्मन समजून घेतली म्हणून ग्राहकांनी कोर्टात दावा लावला, 2015 मध्ये कंपनीने तडजोड केली. उलट बाजूने, शिकागोची लाडकी स्थानिक ब्रुअरी गूज आयलंड 2011 मध्येच बडवायझर बनवणाऱ्या बलाढ्य अनहायझर-बुशने विकत घेतली. तेव्हा बाटलीच्या मागचा बारीक मजकूर वाचा, बिअर कुठे बनली ते तिथेच कळतं.

मोठ्या कंपन्यांना नाकं मुरडणंही मला पटत नाही. फिकट लागरमध्ये, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या हलक्या बिअरमध्ये, दोष लपत नाही, आणि वेगवेगळ्या कारखान्यांतून तीच चव काढणं हे कसबच आहे. छोट्या ब्रुअरीत कधीकधी लागर घाईने बाहेर काढतात. यीस्टला आंबवताना तयार झालेलं डायअ‍ॅसिटिल हे द्रव्य परत शोषून घ्यायला वेळच मिळत नाही, मग ग्लासातून लोण्याचा वास येतो. एका ठिकाणी मी तक्रार केली, तर 'आमची स्टाइलच ती' असं ऐकवलं!

बेल्जियमच्या ओर्व्हालसारख्या, बाटलीतही यीस्ट जिवंत असलेल्या बिअर मात्र लांबून आल्या तरी बिनधास्त घ्या. त्यांची चव काळाबरोबर बदलते, आणि ती बदललेली चव आवडणारेही पुष्कळ आहेत.

शंका असेल तर तीन सारखे ग्लास घ्या, ओतायला दुसऱ्याला सांगा आणि नावं न बघता चाखा. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या लाडक्या ब्रँडला स्वतःच्या हाताने तिसरा नंबर दिला होता.